ओव्या आठवतात, मग दुपारचं जेवण का नाही?

पत्र

डॉक्टर, माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापासून घरात रोज एकच तमाशा चालतो. दुपारी मी त्यांना भाकरी, आमटी, भात वाढते. पोटभर जेवतात. अर्ध्या तासाने ओट्यावर जाऊन बसतात आणि शेजारच्या काकूंना सांगतात, ‘सून अजून जेवायला वाढत नाही.’ कपाटाची किल्ली स्वतःच उशीखाली ठेवतात आणि चोरीचा आळ माझ्यावर घेतात. पण जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगा, तासभर म्हणतील, एक शब्द चुकणार नाही. भाकरी अशी थापतात की मला अजून तशी जमत नाही. माझ्या लग्नात मानपानावरून काय झालं ते २६ वर्षांनंतरही शब्द न् शब्द आठवतं. रविवारी नणंद पुण्याहून येते, तिच्याशी दोन तास छान बोलतात. ती मला म्हणते, ‘वहिनी, आईला काहीही झालेलं नाही.’ मिस्टर म्हणतात, वय झालं की चालायचंच. मला तर हे सोंग वाटतं. मागच्या आठवड्यात माझा तोल गेला, मी ओरडले, ताट आपटलं. त्या दुपारभर गप्प होत्या. माणूस असं निवडून निवडून विसरतो का?

– एक सून, जिल्हा सातारा

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमचं सगळं दुःख त्यात आहे. हो, माणूस असा विसरू शकतो. ओव्या शाबूत, भाकरी शाबूत, लग्नातलं भांडण शाबूत आणि तासाभरापूर्वीचं जेवण पुसलेलं. स्मृतीच्या तपासणीला येणाऱ्या कुटुंबांकडून आम्ही हेच वर्णन ऐकतो आणि जवळजवळ प्रत्येक घरात कुणाला तरी ते सोंग वाटलेलं असतं. तुम्ही वाईट सून आहात म्हणून तुम्हाला तसं वाटलं नाही. आठवण म्हणजे डोक्यातली एकच पेटी, असं आपण सगळेच धरून चालतो. पेटी उघडत असेल तर सगळं मिळायला हवं आणि मिळत नसेल तर काहीच मिळायला नको, असा हिशेब आपण मांडतो. मेंदू तसा बांधलेला नाही.

दुपारच्या जेवणाचंच बघू या. आमटीचा वास, ताट, तुमचा आवाज, खिडकीतून आलेलं ऊन, हे सगळं मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत पोचतं. त्याची ‘आज दुपारी मी जेवले’ अशी एक आठवण व्हायची, तर ते सगळं एका ठिकाणी येऊन बांधलं जावं लागतं. ते ठिकाण म्हणजे हिप्पोकॅम्पस. कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, बोटाएवढा वळलेला भाग. समुद्री घोड्यासारखा दिसतो म्हणून हे नाव पडलं. त्याच्या अलीकडे मेंदूच्या सालीचा एक छोटा पट्टा आहे, एंटोरायनल कॉर्टेक्स नावाचा. आत जाणारी बहुतेक माहिती या पट्ट्यातूनच जाते, म्हणजे हा त्या घराचा उंबरठा समजा. हिप्पोकॅम्पसमधून पुढे फॉर्निक्स नावाची तंतूंची कमान निघते, ती मेंदूच्या तळाशी असलेल्या दोन इवल्याशा गाठींपर्यंत जाते. तिथून मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसच्या पुढच्या टोकाला, तिथून मेंदूच्या मधल्या भिंतीवरच्या सिंग्युलेट पट्ट्याला आणि फिरून परत उंबरठ्याशी. अमेरिकेतल्या जेम्स पेपेझ यांनी १९३७ साली ही फेरी मांडली. त्यांना वाटलं होतं की ही भावनांची वाट आहे. पुढे कळलं की घडलेल्या प्रसंगांची आठवण याच वाटेवर अवलंबून असते आणि ती महत्त्वाच्या ठिकाणी तुटली की नवे प्रसंग टिकत नाहीत.

तुमच्या सासूबाईंना अल्झायमर, म्हणजे मेंदू हळूहळू झिजवत स्मृती नेणारा आजार असेल, तर सर्वांत आधी जो भाग झिजतो तो हाच उंबरठा आणि त्याला लागून असलेला हिप्पोकॅम्पस. जर्मनीतल्या ब्राक दांपत्याने मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून १९९१ मध्ये हा क्रम दाखवला. आजार उंबरठ्यावर सुरू होतो, मग आत शिरतो, मग वर्षानुवर्षं बाकीच्या सालीवर पसरत जातो. हालचाल घडवणारे भाग बराच काळ वाचतात.

म्हणून ‘जेवण विसरल्या’ हा शब्दच मला इथे पटत नाही. विसरायला आधी ते साठवलेलं असावं लागतं. जेवण त्यांच्या पोटात गेलं, पण आठवणीच्या वाटेला लागलंच नाही. तुम्ही ‘आत्ताच तर जेवलात, आठवा ना’ म्हणता तेव्हा त्या डोक्यात शोधतात आणि तिथे खरोखरच काही सापडत नाही. त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्या खरं बोलताहेत. घास घेतल्याची कसलीही खूण त्यांच्याकडे नाही आणि समोरची बाई ठासून सांगते आहे की तुम्ही जेवलात. तुमच्यावर हीच वेळ आली असती तर तुम्हालाही राग आला असता.

हे आम्हाला ज्याच्यामुळे कळलं, त्या माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हेन्री मोलेसन, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला. लहानपणापासून फिट्स येत, औषधं निष्फळ ठरत होती. १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि आजूबाजूचा भाग काढून टाकला. फिट्स पुष्कळ कमी झाल्या. पण त्या दिवसापासून हेन्रीच्या आयुष्यात नवा प्रसंग म्हणून काही टिकेना. नर्स खोलीबाहेर जाऊन परत आली की ती त्याच्यासाठी नवीन. जेवण झालेलं त्याला सांगता येत नसे. बुद्धी मात्र चांगली होती, बोलणं सभ्य होतं, बालपण आठवत होतं. मॉन्ट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला येत. प्रत्येक वेळी त्यांना स्वतःची ओळख नव्याने करून द्यावी लागे.

मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेषेचा तारा छापलेला, त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे थेट न पाहता आरशात बघून. करून पाहा, पहिल्यांदा कुणाचाही हात भलतीकडेच जातो. हेन्री तीन दिवस ते करत होता आणि दर दिवशी चुका कमी होत गेल्या. तिसऱ्या दिवशी त्याचा हात सराईतासारखा फिरला. पण हे आपण आधी कधी केलंय, हे त्याला सांगता येईना. हाताला आलं होतं, त्याला माहीत नव्हतं. २००८ मध्ये, ८२ व्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याचं खरं नाव जगाला कळलं. तोवर तो सगळ्या पुस्तकांत नुसता ‘एच. एम.’ होता. आम्ही सगळे या माणसाचे ऋणी आहोत.

सासूबाईंच्या भाकरीचं कोडं इथे सुटतं. भाकरी थापणं ही वेगळी आठवण आहे. ती मेंदूच्या गाभ्यातल्या बेसल गँग्लियात आणि मागच्या लहान मेंदूत, हातापायांच्या सवयीच्या वाटांवर मुरलेली असते. पीठ किती मळायचं, परातीत कडा कधी फिरवायची, तव्यावर टाकताना मनगट कसं वळवायचं, हे त्यांना ‘आठवावं’ लागतच नाही. ओव्याही बऱ्याच अंशी तशाच. दळताना हजारो वेळा म्हटलेल्या, जात्याच्या फेऱ्याला बांधलेल्या. एक ओळ तोंडातून निघाली की तीच पुढच्या ओळीला ओढते. ‘काल संध्याकाळी कोणती ओवी म्हटलीत?’ असं मात्र विचारून बघा. त्याचं उत्तर त्यांना देता येणार नाही.

आणि लग्नातला मानपान? फ्रान्सच्या तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवलं होतं की स्मृती जाते तेव्हा अलीकडचं आधी जातं, जुनं नंतर. जुनी आठवण इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा काढली जाते, मेंदूच्या सालीत पसरून रुजते आणि तिला हिप्पोकॅम्पसची गरज कमी उरते. त्यात ती आठवण भांडणाची. हिप्पोकॅम्पसच्या टोकाशी बदामाच्या आकाराचा अमिग्डला असतो. राग, भीती, अपमान असं काही घडलं की तो ती आठवण अधिक घट्ट करायला लावतो. २६ वर्षं उगाळलेला अपमान सहजासहजी जात नाही. ताई, तुम्हालाही तो आठवतोच आहे.

आता तुमच्या नणंदबाई. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांना जे दिसतं ते सांगतात. समोर चाललेलं बोलणं काही क्षण धरून ठेवण्याचं काम कपाळामागचा भाग करतो. तो बरा असेल तर वाक्याला वाक्य जोडता येतं. त्यावर आल्यागेल्याशी कसं बोलायचं याची जन्मभराची रीत, लेकीच्या लहानपणाच्या गोष्टी, गावातली नाती, हे सगळं जुनंच. दोन तास या भांडवलावर आरामात निघतात, आणि लेक आली म्हणून माणूस जीव एकवटून बोलतो. ती गेल्यावर संध्याकाळी त्या जास्त थकलेल्या, जास्त चिडलेल्या असतात का, हे मला कळवा. बहुतेक वेळा असतात.

नणंदेला समजावण्याच्या भरीस पडू नका. तिला एवढंच सांगा की रविवारऐवजी मंगळवार ते शुक्रवार चार दिवस राहायला ये आणि आईचं दुपारचं जेवण तू सांभाळ. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. लेकीला आईचं दुखणं दिसण्याचा तिचाही हक्क आहे.

चोरीच्या आळाबद्दल. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांची आउगुस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली. डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिला तपासलं आणि तिच्या मृत्यूनंतर १९०६ मध्ये तिच्या मेंदूत काय दिसलं ते मांडलं. या आजाराला त्यांचं नाव पडलं ते तिच्यामुळे. त्यांनी तिचं पहिलं ठळक लक्षण कोणतं लिहिलं माहीत आहे? विसरणं नाही, नवऱ्याविषयीचा संशय. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, या आजाराच्या पहिल्याच नोंदीत, घरातल्या सर्वांत जवळच्या माणसावर आळ आहे. किल्ली मी ठेवली हे आठवत नाही, किल्ली जागेवर नाही हे दिसतं, मग मन ती फट भरून काढतं की कुणीतरी घेतली. आणि जो माणूस दिवसभर आसपास असतो, त्याच्यावरच ते येतं. पुण्यात राहणाऱ्या लेकीवर येत नाही, कारण ती तिथे नसते. तुम्ही त्यांच्याजवळ असता, म्हणून आळ तुमच्यावर आहे. हे वाचून तो झोंबायचा थांबणार नाही, पण रात्री अंथरुणावर ‘माझं काय चुकलं’ असं स्वतःला विचाराल तेव्हा हे आठवा.

आपटलेल्या ताटाबद्दल मी गोड बोलणार नाही. १९११ मध्ये जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद या डॉक्टरांनी एक प्रयोग लिहिला. त्यांच्या एका रुग्ण बाईला कुठलाच नवा प्रसंग आठवत नसे. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. तिला टोचलं. थोड्या वेळाने तिला त्याची काहीच आठवण नव्हती, पण त्यांनी पुन्हा हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला नीट सांगता आलं नाही. (आज कुणी असा प्रयोग केला तर त्याला परवानगी मिळणार नाही, आणि मिळू नये.) अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या रुग्णांना दुःखी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने काय पाहिलं ते त्यांना जवळजवळ आठवत नव्हतं, तरी मन उदास होतं. पुढे अल्झायमरच्या रुग्णांमध्येही हेच दिसलं, आणि आनंदी चित्रफितींनंतर आनंदही तसाच रेंगाळला.

सासूबाई दुपारभर गप्प होत्या त्याचं कारण हे. ताट आपटल्याचं त्यांना तासाभराने सांगता आलं नसतं. मनावरचा ओरखडा मात्र होता. तो कशाचा आहे हेही कळत नसेल तर किती घाबरायला होत असेल! हे मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. दीड वर्ष रोज खोट्या आळाखाली जगणारी कोणतीही बाई एके दिवशी ताट आपटेल. पण याचा दुसरा अर्थ तुमच्या कामाचा आहे. तुम्ही दुपारी त्यांच्या केसांना तेल लावलंत, तर तेल लावल्याचं त्यांना आठवणार नाही आणि संध्याकाळपर्यंत त्या निवांत असतील. ती मेहनत फुकट जात नाही.

आता एक गोष्ट निक्षून सांगते. मी सासूबाईंना पाहिलेलं नाही, आणि पत्रावरून निदान करणं चुकीचं आहे. वरचं सगळं अल्झायमर धरून लिहिलं, कारण तुमचं वर्णन त्या वाटेने जातं. पण ‘वय झालं’ हे निदान नाही. वयामुळे नाव पटकन सुचत नाही, चष्मा शोधावा लागतो. जेवण झाल्याचं रोज पुसलं जाणं हे वयाचं लक्षण नव्हे. ज्यावर उपाय होऊ शकतो अशी काही कारणं आधी तपासून घ्यायला हवीत. बी-१२ जीवनसत्त्व आपल्याकडे शाकाहारी माणसांत अनेकदा कमी असतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी कमी होतं. थायरॉइड, सोडियम, साखर बघा. गेल्या काही महिन्यांत त्या न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोक्याच्या कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त असं विसरायला लावतं आणि शस्त्रक्रियेने ते काढता येतं. नैराश्यही स्मृती खाऊन टाकतं. ऐकू कमी येत असेल तर निम्मं त्यांच्यापर्यंत पोचतच नसेल. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या, लघवी आवरण्याच्या गोळ्या, यातल्या काही स्मृतीच्या वाटेवर काम करणारं अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन दाबून टाकतात. घरातल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत भरून घेऊन जा. मेंदूचा एमआरआय लागेल. जिल्हा रुग्णालयात किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाताना मिस्टरांना बरोबर घ्या, आणि डॉक्टर सासूबाईंना तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारतील तेव्हा मिस्टरांना खोलीतच बसू द्या. आई त्या तीनपैकी एकही शब्द सांगू शकत नाही हे डोळ्यांनी पाहिलं, की ‘चालायचंच’ हा शब्द बहुतेक मुलांच्या तोंडून पुन्हा निघत नाही.

अल्झायमरच निघाला तर डोनेपेझिलसारखी औषधं आहेत. ती अ‍ॅसिटिलकोलिन जरा जास्त वेळ टिकवून धरतात, काहींना काही काळ बरं वाटतं. झिजलेली वाट ती पुन्हा बांधत नाहीत. कुणी ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून महागडं काही विकू लागलं तर पैसे जपून ठेवा.

घरात काय करायचं, ते तुम्हीच ठरवाल. घर तुम्हाला माहीत आहे. मला सुचतं ते लिहिते. जेवण झाल्यावर ताट लगेच उचलू नका, थोडा वेळ समोर राहू द्या. डोक्यातली खूण नाही तर डोळ्यासमोरची खूण मदत करते. तरी ‘जेवायला वाढ’ म्हणाल्या तर पुरावे देऊ नका. ‘हो, वाढते हं’ म्हणा आणि वाटीत थोडा भात, राजगिऱ्याचा लाडू, अर्धं केळं द्या. त्यासाठी दुपारी थोडं कमी वाढलं तरी चालेल. किल्ली हरवली की ‘मी घेतली नाही’ ऐवजी ‘चला, दोघी शोधू’ म्हणा. शक्य झालं तर दुसरी किल्ली करून तुमच्याकडे ठेवा. शेजारच्या काकूंना एकदा घरात बोलावून, चहा देऊन, सगळं खरं सांगा. गावात लपवलेलं फार दिवस लपत नाही, आणि काकूंनी ओट्यावर ‘अहो, जेवलात की मघाशी, मी पाहिलं’ असं न म्हणता विषय ओव्यांवर नेला तर तुमची अर्धी दुपार सुटेल. जागेच्या कागदांवर किंवा बँकेच्या अर्जावर आता कुणीही त्यांची सही घाईने घेऊ नये, हेही मिस्टरांना सांगा. आणि एखाद्या दिवशी त्या अचानक, एक-दोन दिवसांत, फारच गोंधळल्या, बरळायला लागल्या, सारख्या झोपू लागल्या, तर तो या आजाराचा पुढचा टप्पा समजू नका. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

तुमच्यासाठीही. ६० वर्षांवरच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मागे घरातली एखादी बाई अशीच दिवसभर उभी असते. आठवड्यातली एक दुपार मिस्टरांनी सांभाळावी, हे तुम्ही मागा, विनंती म्हणून नको. फार असह्य झालं तर १४४१६ या टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्याची मदतसेवा) क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीत, मोफत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइन या मदतसेवेचा क्रमांक १४५६७ आहे.

भाकरी मात्र त्यांच्या हातून काढून घेऊ नका. गॅस तुम्ही पेटवा, तवा तुम्ही सांभाळा, परात त्यांच्यापुढे ठेवा. तुम्हाला अजून तशी जमत नाही असं लिहिलंत ना? मग शेजारी पाट घेऊन बसा आणि ‘आई, कडा कशी फिरवायची, दाखवा’ म्हणा. उद्या पुन्हा विचारा, परवा पुन्हा. शिकवताना त्या कंटाळणार नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक दिवशी तुम्ही ते पहिल्यांदाच विचारत असाल. तपासण्या झाल्या की मला लिहा, बी-१२ चा आकडा विसरू नका.